जयवंता वैनींची भरवशाची गाडी

भिमा गेला तेव्हा त्याची गाडी माझ्या गॅरेजमध्येच उभी होती. गिअरबॉक्स उघडून मी त्याची दातेरी चाकं रॉकेलच्या डब्यात धुवायला टाकली होती, तेवढ्यात कळंबहून एक जण सायकलवर निरोप घेऊन आला. १९९१ सालचा भाद्रपद. साधी कावीळ म्हणता म्हणता ती वाढली, आणि पुण्याच्या दवाखान्यात अडीच महिने काढून भिमा गेला.

इंदापूर-बारामती रस्त्यावर जंक्शनच्या चौकात माझं गॅरेज आहे. भिमा माझं पहिलं गिऱ्हाईक आणि दोस्तही. त्याची १९७४ सालची पेट्रोलची गाडी होती, भाड्यानं द्यायची. त्याच्या मागं राहिली बायको जयवंता, नऊ वर्षांची पायल आणि दवाखान्यापायी झालेलं कर्ज. पतसंस्थेचे चोवीस हजार. शिवाय कोऱ्हाळ्याच्या गेणबा आबांनी नुसत्या शब्दावर दिलेले पंधरा हजार. गेणबा आबा म्हणजे उसाचे मोठे बागायतदार. त्यांच्या घरच्या लग्नकार्यात भिमाचीच गाडी असायची.

जलदानाचा विधी झाल्यावर चार दिवसांनी वैनी गॅरेजवर आल्या. भावकीतल्या सगळ्यांनी त्यांना एकच सल्ला दिला होता, की गाडी विकून टाक. माझंही मत तेच होतं. अठरा-एकोणीस हजार सहज आले असते.

"सोमनाथभाऊ, गाडी चालती का?" त्यांनी विचारलं.

"गिअरबॉक्स बसवला की चालंल. का, गिऱ्हाईक आलंय?"

"न्हाय. इकली तर पतसंस्थेचं थोडंफार फिटंल. उरलेलं कशानं फेडू? खुरप्यानं?"

"मग चालवणार कोण?"

"मी," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, हे मी कबूल करतो. पण आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा मी चावी दिली आणि मागच्या मोकळ्या रानात गाडी फिरवून दाखवा म्हणालो. त्यांनी फिरवली. दोन बाभळींच्या मधून उलटी काढली. भिमानं त्यांना कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर गंमत म्हणून शिकवलं होतं, आणि त्या गंमत म्हणून शिकल्या नव्हत्या. उतरताना हँडब्रेक ओढायलाही विसरल्या नाहीत.

लायसन्ससाठी पुण्याला तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत साहेबांना वाटलं की बाई कुणाची तरी फाईल घेऊन आल्यात. दुसऱ्या फेरीत आठाचा आकडा काढताना चाक चुन्याच्या रेषेवर गेलं. तिसऱ्या फेरीला त्या पास झाल्या. पुढं भाड्याची गाडी चालवायचा बिल्लाही मिळाला. तो त्या पदराला लावायच्या नाहीत, पाकिटात ठेवायच्या.

पहिले दोन महिने त्यांच्या गाडीत कुणी बसलं नाही. चौकात सात-आठ जीपवाले उभे असायचे. बाईची गाडी, त्यात बौद्धवस्तीतली. लोक लांबून बघायचे आणि जीपकडं जायचे. मग कळंबच्या शाळेतल्या दोन बाई महिन्याच्या बोलीवर बसायला लागल्या. त्यांच्यामुळं इतर बायकांना कळलं. बायकांचं म्हणणं सरळ होतं. जीपमध्ये बारा गड्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, त्यापेक्षा हिच्या गाडीत निवांत बसता येतं. कुठं दुखतंय ते वाटेत मोकळेपणी सांगता येतं. वर्षभरात असं झालं, की कळंबपासून वरकुट्यापर्यंत कुणाची सून दवाखान्यात न्यायची असली की माणूस आधी वैनींकडं यायचा. त्यांच्या कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा या बाळंतिणींच्या आणि आजारी बायांच्या भाड्याचा होता.

दर महिन्याच्या दहा तारखेला पतसंस्थेत नऊशे रुपये भरायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. ते चुकले तर अठरा टक्क्यांवर दंडव्याज लागायचं. गेणबा आबांना जमेल तसं, कधी दोनशे, कधी तीनशे. बाकी उरेल त्यात घर, पायलची शाळा आणि पेट्रोल. आणि गाडीची दुरुस्ती. सगळं गणित बिघडायचं ते इथं.

ती गाडी म्हातारी झाली होती. मी पंप दुरुस्त करावा तर रेडिएटर गळायचा, रेडिएटरला डाग द्यावा तर क्लचप्लेट जायची. एका महिन्यात सातशे रुपये माझ्याच बिलात गेले. मी म्हणालो, "वैनी, राहू द्या, सवडीनं द्या."

"मग तुमचा पण हप्ता सुरू व्हईल भाऊ. दोन हायेत ते पुरे हायेत," त्या म्हणाल्या, आणि पाकिटातून नोटा काढून मोजून दिल्या.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की ही गाडी आता बदला. हप्त्यावर दुसरी घ्या. त्या म्हणायच्या, पतसंस्थेचं एकदा निल होऊ द्या, मग बघू. एका वेळी एकच हप्ता. त्यांचंही चूक नव्हतं. चौकातल्या दोन जीपा हप्ते थकल्यामुळं ओढून नेलेल्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

१९९४ च्या जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला, वरकुट्याच्या साखरबाईंनी सुनेसाठी गाडी बोलावली. सुनेचं नाव अंजली. पहिलंच बाळंतपण, दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या. बारामतीला न्यायचं होतं. लासुर्णे मागं पडलं आणि गाडीच्या नाकातून वाफ यायला लागली. वैनींनी थांबून पाणी घातलं, आणखी चार किलोमीटर काढले. सणसरच्या अलीकडं इंजिन एकदम आवळलं आणि गाडी बंद पडली. पुन्हा चालू होईना.

दोन्ही बाजूंना ऊस. साखरबाई ओरडायला लागल्या, "अगं भवाने, गाडीत जीव नव्हता तर आमाला बसवलंस कशाला?" वैनी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. उसाचे दोन ट्रॅक्टर आले, त्यांना त्यांनी जाऊ दिलं, कारण त्यात बाळंतीण बसवता येत नव्हती. पाऊण तास गेला. मग दुधाचा टेम्पो आला. कॅन एका बाजूला सरकवून, गाडीच्या सीटची गादी उपसून खाली घालून त्यांनी अंजलीला त्यावर निजवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन स्वतः मागं बसल्या.

बाळ दवाखान्यात जन्मलं, पण रडलं नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. पाच दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. ते पाचही दिवस वैनी एसटीनं बारामतीला जायच्या, सकाळी भाकरी-कालवण बांधून. पहिल्या दिवशी साखरबाईंनी त्यांच्याकडं पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला. तिसऱ्या दिवशी साखरबाईंनी न बोलता फडकं सोडलं आणि खाल्लं. पाचव्या दिवशी मुलगा पेटीतून बाहेर आला, धडधाकट. साखरबाई भाड्याचे पैसे द्यायला लागल्या, तर वैनींनी हात मागं घेतले.

मी गाडी ओढून आणली होती. हेड उघडलं तर इंजिनच्या ब्लॉकलाच बारीक तडा दिसला. वैनी आल्यावर मी दाखवला.

"नीट हुईल?" त्यांनी विचारलं.

"मसाला भरून चालू करता येईल. गार असताना चालंल. जास्त तापली की परत असंच."

त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चालू करून द्या. पण उद्यापासून हितं पेशंट बसवायचा न्हाय."

"वैनी, निम्मी कमाई जाईल."

"जाऊ द्या. ते पोरगं गेलं असतं तर मी काय केलं असतं, सांगा तुमी."

आणि तो शब्द त्यांनी पाळला. माणसं दारात यायची, गयावया करायची, जास्त पैसे देऊ म्हणायची. त्या नाही म्हणायच्या, वर स्वतः जाऊन चौकातल्या चांगल्या जीपवाल्याला सांगून यायच्या, की सावकाश ने, मागं दोनच माणसं बसव. त्यांच्याकडं उरले शाळेतल्या बाई आणि बाजारचं भाडं. पायलची शिकवणी बंद झाली. घरात चहाला गूळ आला. दहा तारीख मात्र चुकली नाही.

पण असं फार दिवस निभणार नव्हतं. पतसंस्थेचं अजून दहा-बारा हजार बाकी होतं, गेणबा आबांचं जवळजवळ सगळं. आणि गाडी तर बदलायलाच हवी होती. त्या पतसंस्थेत जाऊन हप्ता कमी करून मिळतो का विचारून आल्या. नियमात बसत नाही म्हणाले. मग एका रविवारी त्या मला घेऊन कोऱ्हाळ्याला निघाल्या. एकटी बाई पैशाचं बोलायला गेली की बोलणं दोघांतच राहतं, साक्षीला कुणी असावं, असं त्यांचं म्हणणं.

गेणबा आबा ओट्यावर पान कुटत बसले होते. वैनींनी चहासुद्धा घ्यायच्या आधी विषय काढला.

"आबा, तुमचं देणं दोन-अडीच वर्षं थांबवायचं म्हणते. आधी पतसंस्थेचं संपवते, मग गाडीचं बघते. मग तुमचं."

"म्या कदी मागितलं का गं?"

"न्हाय मागितलं. म्हणून तर आले सांगायला."

आबांनी पान तोंडात टाकलं. "बरं, थांबव. आन् व्याजाचं सोडून दे. भिमा आपल्या घरचा होता."

"व्याज सोडायचं न्हाय आबा. व्याज सोडलं तर मला मुदत मागता यायची न्हाय. शेकडा एक रुपया ठरलाय, तो चालू द्या."

आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ की रं, सावकाराला व्याज घे म्हणून दम देतीया." मग त्यांना एक सुचलं. त्यांच्या बायकोला, बनाबाईंना, डोळ्यांच्या औषधासाठी दर गुरुवारी बारामतीला न्यावं लागत होतं. "असं कर. गुरुवारी हिला नेत जा. भाडं मुद्दलातून वजा करू. तुजं बी फिटंल, आमचं बी काम हुईल."

मला वाटलं, देवच पावला. वैनी म्हणाल्या, "जमायचं न्हाय. माझ्या गाडीत पेशंट बसवत न्हाय मी."

"अगं डोळ्याचा पेशंट हाय, बाळंतीण न्हाय!"

"पेशंट तो पेशंट, आबा. उन्हात गाडी बंद पडली तर आक्कांनी कुठं उभं राहायचं? भरवशाची गाडी घेते, मग पहिली आक्कांना नेते."

आतून बनाबाई म्हणाल्या, "बरोबर बोलतीय ती. मी एसटीनंच जाते." आबांनी खलबत्ता बाजूला सारला. मग म्हणाले, "थांबतो. जा."

१९९५ च्या सुरुवातीला वैनींनी गाडी विकायला काढली. मी ती धुऊन पुसून, तड्यात मसाला नीट घोटून, वर रंगाचा हात मारून उभी केली. इंदापूरकडचा दिग्विजय नावाचा एक पोरगा आला. त्याला भाड्याचा धंदा सुरू करायचा होता. गाडी गार होती, एका दमात चालू झाली. एकवीस हजाराला सौदा ठरला. तो पैसे काढतच होता.

"थांब जरा," वैनी म्हणाल्या. "ब्लॉकला तडा हाय. वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की तापती. भर रस्त्यात बंद पडती. माझी पडलीय, बाळंतीण घेऊन."

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी खाली बघितलं. त्यानं पैसे परत खिशात घातले, आणि जाताना वैनींना नमस्कार करून गेला. मला केला नाही.

तो गेल्यावर मी चिडलो. "तुमच्या भल्यासाठीच केलं होतं मी. दहा हजाराचं नुकसान केलंत!"

"व्हय, झालं नुकसान," त्या म्हणाल्या. "भाऊ, त्याला ठाऊक न्हाय म्हणून त्यानं पैसं काढलं. त्याच्या गाडीत उद्या कोण बसणार, ते तुमाला ठाऊक हाय का?"

त्या दिवसापासून मी कुणाच्या गाडीला रंगाखाली काही झाकून दिलं नाही. गाडी शेवटी सुट्या भागांसाठी अकरा हजाराला गेली. ते पैसे त्यांनी त्याच दिवशी पोस्टात ठेवले.

आता गाडीही नव्हती. बारामतीच्या एका डॉक्टरीणबाईंना ड्रायव्हर हवा होता. काचेच्या पेटीच्या त्या पाच दिवसांत त्यांनी वैनींना पाहिलं होतं. अठराशे रुपये महिना. वैनी पहाटेच्या एसटीनं जायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. पगार झाला की नऊशे पतसंस्थेत, सातशे घरात, दोनशे पोस्टात. लग्नसराईत रविवारी दुसऱ्यांच्या गाड्या चालवायच्या, ते पैसेही पोस्टात. एकदा मी विचारलं, दुसऱ्याची गाडी चालवताना कसं वाटतं? त्या म्हणाल्या, "चांगली गाडी कशी असती ते कळतंय. कान तयार होतोय."

१९९६ च्या एप्रिलमध्ये पतसंस्थेचा शेवटचा हप्ता गेला. कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन त्या गॅरेजवर आल्या, मला वाचायला दिला आणि परत घडी घालून पाकिटात ठेवला. पेढे वगैरे काही नाही. सुटलेले नऊशेही तेव्हापासून पोस्टात जायला लागले.

दिवाळीनंतर आम्ही गाडी बघायला लागलो. बारामतीत एक दुकानदार नवी कोरी व्हॅन द्यायला तयार होता. फक्त पंधरा हजार भरा, बाकी पाच वर्षं हप्ते. गाडीला फुगे बांधलेले होते. पायल हरखून गेली. वैनींनी त्या माणसाला एवढंच विचारलं, "महिन्यात किती दिवस भाडं मिळालं म्हंजे हप्ता निघंल?" त्यानं हिशेब केला, बावीस दिवस. "आमच्याकडं बारा दिवसाची खात्री हाय," त्या म्हणाल्या आणि उठल्या. पायल वाटेत रुसली होती. तिला त्यांनी नीट समजावून सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं.

मग जुन्या गाड्या बघितल्या. फलटणची एक, दौंडच्या दोन. फलटणच्या गाडीचा धूर निळा होता. दौंडची एक अपघातातली निघाली आणि दुसरीचा मालक जास्त गोड बोलत होता. अकलूजला एका निवृत्त हेडमास्तरांकडं डिझेल अँबॅसिडर मिळाली, १९८९ ची. रंग उडालेला, सीट फाटलेली. पण मास्तरांनी प्रत्येक वेळी ऑइल कधी बदललं ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं होतं. मी इंजिन ऐकलं आणि मान हलवली. वैनींना तेवढ्यानं भागलं नाही. त्यांनी मागं चार माणसं बसवली, मास्तरांना पुढं बसवलं आणि भर दुपारी चाळीस किलोमीटर गाडी पळवली. परत आल्यावर बॉनेट उघडून वाफेची वाट बघत दहा मिनिटं उभ्या राहिल्या. वाफ आली नाही.

अडुसष्ट हजार. पोस्टात सव्वीस साठले होते. बाकीच्या बेचाळीसला स्वयंरोजगाराच्या योजनेतून बँकेचं कर्ज मिळालं, पतसंस्थेच्या त्या दाखल्यावर. बँकेच्या साहेबांनी विचारलं, सीट-रंगासाठी आणखी पाच हजार वाढवून देऊ का? त्या म्हणाल्या, नको, फाटक्या सीटवर गोधडी टाकीन.

गाडी घरी आली त्या आठवड्यातल्या गुरुवारी त्या कोऱ्हाळ्याला गेल्या आणि बनाबाईंना डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पुढं दर गुरुवारी. ते भाडं मुद्दलातून वजा होत राहिलं. पेशंट बसवायला लागल्या, तशी सगळी गावं परत त्यांच्याकडं आली. महिन्यात बारा दिवस धरले होते, अठरा-एकोणीस भरायला लागले. जास्तीचे दिवस त्यांनी सुखात घालवले असते तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी त्या पैशातून दर तीन महिन्यांनी गाडीचं काम करून घेतलं, काही बिघडायच्या आधीच. असं करणारं तालुक्यात दुसरं गिऱ्हाईक माझ्याकडं नव्हतं. ब्रेकचे लायनर अर्धे झिजले की बदला म्हणायच्या. मी म्हणायचो, अजून सहा महिने जातील. त्या म्हणायच्या, "पाच महिन्यानं उतारावर गेले तर?"

त्या गाडीनं वैनींना रस्त्यात कधी थांबवलं नाही असं मी म्हणणार नाही. दोनदा पंक्चर झाली, एकदा फॅनबेल्ट तुटला. डिकीत जादा चाक आणि जादा पट्टा होताच. पट्टा त्यांनी स्वतः बदलला, वीस मिनिटांत, आणि पेशंट वेळेवर पोचला.

१९९९ च्या मार्चमध्ये बँकेचा शेवटचा हप्ता गेला, ठरल्याच्या आठ महिने आधी. मे महिन्यात आम्ही दोघं परत कोऱ्हाळ्याला गेलो, गेणबा आबांची राहिलेली रक्कम घेऊन. आबा थकले होते, खाटेवर पडून होते. वैनींनी आठ वर्षांचा हिशेब वाचून दाखवला. गुरुवारची भाडी वजा जाता व्याजासकट सहा हजार सातशे वीस. आबांनी नोटा मोजल्या नाहीत. वरच्या वीसकडं बोट दाखवून म्हणाले, "हे तरी ठेव की गं."

"न्हाय आबा."

त्यांनी बनाबाईंना हाक मारून पैसे आत ठेवायला सांगितले. मग उशाला हात टेकून बसते झाले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "भिमाला पैसं देताना मी बुडीत धरलं होतं. कुणाला बोललो न्हाय. आज सांगतो."

वैनींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. भिमा गेला तेव्हाही मला दिसलं नव्हतं. त्या वाकून पाया पडल्या, बनाबाईंच्या हातचा चहा प्यायल्या, आणि आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "वैनी, आता एक रुपयाही कुणाला देणं न्हाय. कसं वाटतंय?"

त्यांनी गिअर बदलला. कालव्याला पाणी सुटलं होतं, खिडकीतून गार वारा येत होता.

"हलकं वाटतंय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "भाऊ, डावीकडचं पुढचं टायर जरा वाजतंय का? उद्या सकाळी घेऊन येते."

मी कान दिला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी म्हणालो, "घेऊन या, बघू."